न चमकलेलं जाकीट

१

बोगद्यात खडीच्या टिपरने एका कामगाराला धडक दिली, आणि टिपर चालवणारा निघाला त्या कामगाराच्या बायकोचा सख्खा धाकटा भाऊ.

जखमी माणसाला कामावर सगळे काडी म्हणायचे. अंगकाठी तशीच होती. दुपारचं जेवण आटोपून तो बोगद्यात भिंतीच्या पायथ्याशी पाठमोरा बसून भेगांत डांबर भरत होता. शेजारी कंप्रेसर धडधडत होता, त्यामुळे मागून गाडी आलेली त्याला ऐकू गेली नाही. कंबरेचं हाड मोडलं, डोक्याला मार बसला. जीव वाचला, पण अजून शुद्ध आली नव्हती.

"मला दाजी दिसलेच नाहीत," भाऊ तेवढं एकच वाक्य बोलत होता. "बाकीचे लांबून चमकतात. दाजी चमकले नाहीत. दिसले तेव्हा चाकासमोर होते."

यावर विश्वास कोण ठेवणार? काडीच्या अंगात केशरी जाकीट होतं. इस्पितळात डॉक्टरांनी सगळ्यांदेखत ते उतरवलं होतं. कोरं करकरीत, आणि त्यावरच्या रुपेरी पट्ट्या अशा, की टॉर्च मारला तर बघणाऱ्याने डोळे मिटावेत. एवढा चमकणारा माणूस दिसला नाही म्हणजे ड्रायव्हर एकतर झोपला होता, नाहीतर फोनमध्ये डोकं घालून बसला होता. त्याचा परवाना जाणार, वर तुरुंगही घडणार, हे ठरल्यासारखंच होतं.

रस्ते खात्यात अपघातांची चौकशी करणाऱ्या एक बाई होत्या. पाठीमागे लोक त्यांना भिंगबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. मोठ्या साहेबांनी त्यांच्यापुढे कागद सरकवले.

"यात बघण्यासारखं काही नाही बाई. उद्या अहवाल देऊन टाका."

"देते की," बाई म्हणाल्या. "जाकीट कुठंय?"

"पिशवीत आहे. नवंच आहे हो, काय बघणार त्यात?"

बाईंनी पिशवी उघडली, जाकीट टेबलावर पसरलं, पुढून पाहिलं, मागून पाहिलं. कॉलरवर थोडं रक्त होतं, पाठीवर धूळ होती. मग त्यांनी दुसऱ्या पिशवीतून काडीचा शर्ट काढला. तो पाठीवर वीतभर फाटला होता, आणि बाह्यांवर डांबराचे काळे शिंतोडे होते.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा घातला. शर्ट फाटला होता. त्याच्यावरून घातलेलं जाकीट मात्र कुठेच फाटलं नव्हतं.

२

बोगद्याकडे जाताना शेवटच्या वळणावर एक झेंडेवाला उभा होता. गाड्यांना हळू जायची खूण करत एक हात पुढे. जवळ गेल्यावर बाईंना हसू आलं. तो लाकडाचा होता. डोक्याला हेल्मेट, अंगात केशरी जाकीट, उन्हात नुसता पेटल्यासारखा दिसत होता.

"त्याला आम्ही बिनपगारी म्हणतो," बोगद्याच्या तोंडाशी उभी असलेली खरी झेंडेवाली म्हणाली. गळ्यात शिट्टी, हातात झेंडे, आवाज असा की शिट्टीची गरजच नसावी. तिचं नावही शिट्टीच पडलं होतं. "त्याचं बरंय बाई. ना भूक, ना तहान, ना मुकादमाची बोलणी. परवा तर त्याचं जुनं फडकं काढून चांगलं जाकीट चढवलंय त्याला. आम्ही मागितलं की मिळत नाही, लाकडाला मिळतं!"

"काडी आत गेला तेव्हा त्याच्या अंगात जाकीट होतं का?"

"होतं म्हणजे? माझ्या समोरून गेला. झगझगीत केशरी. आमच्यात सगळ्यात स्वच्छ जाकीट त्याचंच असायचं. डांबराचा ठिपका पडला की डिझेलचा बोळा घेऊन घासत बसायचा. मी म्हणायचे, अरे, लग्नाला चाललायस का?" ती हसली आणि लगेच गप्प झाली. "माणूस गुणाचा आहे हो. बरा होईल ना?"

"डॉक्टर होईल म्हणतात. आणि ड्रायव्हर?"

"तोही गुणाचाच. आत सोडताना मीच हिरवा झेंडा दाखवला त्याला. दोन्ही दिवे लागलेले होते, हात स्टिअरिंगवर होते. फोनबिन काही नव्हता." तिने आवाज खाली आणला. "पण मी हे बोलले की सगळे म्हणतात, तू तुझा झेंडा सांभाळ."

पत्र्याच्या खोलीत स्टोअरवाला बसला होता. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, म्हणून त्याला चावी म्हणत. बाईंना बघून त्याचं तोंड आंबट झालं.

"जाकीट मी देतो, पण अप्पांची चिठ्ठी लागते," तो आधीच बचावाला उभा राहिला. अप्पा म्हणजे इथले मुकादम. "काडीला मी नवं दिलेलं नाही. त्याने मागितलं होतं, पण अप्पांनी चिठ्ठी दिली नाही."

"मग त्याच्या अंगात नवं कुठून आलं?"

"मला काय माहीत? त्या सकाळी बडे पाहुणे आले होते बोगदा बघायला. पाहुणे आले की नवी जाकिटं बाहेर काढायची, ते गेले की परत घडी घालून ठेवायची, अशी इथली रीत. फोटोत सगळे चकाचक दिसले पाहिजेत ना! पाहुणे गेल्यावर अप्पांनी ती गोळा केली. पण माझ्याकडे आली ती दुसऱ्या दिवशी, आणि त्यात एक कमी होतं. अप्पा म्हणाले, एक पाहुणा घालूनच गाडीत बसला."

"कोणता पाहुणा?"

चावीने खांदे उडवले. "सगळेच पोटाने मोठे होते. मला त्यांच्यात फरक करता येत नाही."

बाईंना टेबलावर पसरलेलं जाकीट आठवलं. त्याचे बाजूचे पट्टे शेवटापर्यंत सैल सोडलेले होते. काडीच्या अंगात ते घातलं असतं, तर आत आणखी एक काडी मावली असती.

३

अप्पांबद्दल कुणीच वाकडं बोलत नव्हतं. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज, कामावर अख्खी हयात गेलेली. काडीला दोन्ही हातांवर उचलून बोगद्याबाहेर त्यांनीच आणलं होतं. रोज संध्याकाळी ते इस्पितळात जात होते.

"पोरासारखा आहे तो मला," खुर्ची पुढे करत ते म्हणाले. "विचारा, काय विचारायचं ते."

"धडक बसली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"काडीच्या समोरच्या बाजूला भिंतीत कोनाडा आहे, तिथे. सामानाची पोती तिथेच असतात. मी आत उभा होतो, मध्ये रस्ता. सगळं डोळ्यांनी बघितलंय बाई. टिपरचे दिवे त्याच्या पाठीवर पडले आणि पट्ट्या अशा लखलखल्या, अशा लखलखल्या, की माझे डोळे दिपले. मी ओरडलो, पण कंप्रेसरपुढे कुणाला ऐकू येणार? आता एवढं लखलखणारं माणूस ज्याला दिसत नाही, तो समोर बघत नव्हता, आणखी काय?"

"मग?"

"मग ड्रायव्हर उडी मारून उतरला आणि मदत आणायला बाहेर पळाला. आत फोन लागत नाही ना. मी काडीजवळ बसून राहिलो."

"एकटेच?"

"एकटाच." त्यांचा आवाज जड झाला. "लोक येईपर्यंत त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो."

"जाकिटं तपासता का रोज?"

"तपासतो म्हणजे? सकाळी हजेरीला सगळे मैदानात रांगेत उभे. रंग उडाला असेल तर कामावर घेत नाही. आपल्या कामात खोट नाही बाई."

"सकाळी, मैदानात, उन्हात," बाई हळूच म्हणाल्या.

"हो. का?"

"काही नाही. चहा छान होता."

बाहेर पडताना बाईंची चाल एकदम हलकी झाली होती. अप्पांनी एकच गोष्ट नको तितकी रंगवून सांगितली होती. कोनाड्यातून ती त्यांना दिसूच शकली नसती.

४

इस्पितळाच्या खालच्या बाकावर ड्रायव्हर बसला होता. दाढी वाढलेली, नजर जमिनीवर.

"वर का जात नाहीस?" बाईंनी विचारलं.

"ताई येऊ देत नाही."

"का?"

"अप्पांनी तिला सांगितलंय, मी फोन बघत होतो. अप्पा खोटं कशाला बोलतील, म्हणते. आई गेल्यावर ताईनेच मला मोठं केलं, बाई. तुरुंगात घातलं तरी चालेल मला. पण तिने तोंड फिरवलंय, ते सोसत नाही."

वर काडीच्या खाटेशी त्याची बायको बसली होती. नवऱ्याच्या अंगावरची चादर ती पुन्हा पुन्हा सारखी करत होती.

"भावाबद्दल मला काही विचारू नका," ती म्हणाली. "त्याने माझ्या संसारावर गाडी घातली, ते एक वेळ नशीब म्हणून गिळेन. पण वर खोटं बोलतो. दिसले नाहीत म्हणे! एवढं जाकीट घातलेलं माणूस दिसलं नाही?"

"ते जाकीट तुम्ही पाहिलंत का? इथे उतरवलं ते?"

"नाही हो. मी पोचायच्या आत पिशवीत घालून नेलं होतं."

बाईंनी काडीकडे पाहिलं. चादरीखाली माणूस आहे की नाही, अशी शंका यावी.

"यांना तयार कपडे बसत नसतील."

"कुठले बसायला!" तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू फिरकलं. "शर्ट असो, पँट असो, आणलं की आधी मी आवळते. नाहीतर वाऱ्यावर वाळत घातल्यासारखे दिसतात."

बाई एवढंच म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत भावाला शिव्या देऊ नका. मग हव्या तेवढ्या द्या."

परत निघाल्या तेव्हा दिवस मावळला होता. बाईंच्या गाडीच्या ड्रायव्हरने दिवे लावले. बोगद्याच्या अलीकडचे फलक दिव्यांच्या उजेडात एकेक करून उजळू लागले. बाण उजळला, कठड्याच्या पट्ट्या उजळल्या, रस्त्यावर मांडलेल्या शंकूंचे गळे उजळले.

"सावकाश," बाई म्हणाल्या. "वळणावर तो लाकडी माणूस आहे."

"कुठंय?" म्हणत त्यांच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

बिनपगारी गाडीच्या नाकासमोर उभा होता, आणि त्याच्या अंगावर एकही पट्टी चमकत नव्हती.

बाई खाली उतरल्या. त्यांनी त्याचं जाकीट पाठीमागून चाचपलं. पाठीवर वीतभर फाटलेलं होतं.

५

सकाळी बाईंनी सगळ्यांना बोगद्यात बोलावलं. टिपर त्या दिवशी आला त्याच बाजूला, थोडा लांब उभा केला. काडी बसला होता तिथे, इस्पितळातलं नवं जाकीट घालून चावीला पाठमोरं बसवलं.

"मीच का?" चावी कुरकुरला.

"गाडी हलणार नाही. बस गपचूप," शिट्टी म्हणाली, आणि बाईंच्या सांगण्यावरून टिपरच्या केबिनमध्ये चढून बसली. काडीचा मेहुणा एका बाजूला उभा होता. बाई अप्पांना घेऊन समोरच्या कोनाड्यात गेल्या.

"दिवे लावा!"

प्रकाशाचा झोत चावीच्या पाठीवर पडला.

"बाई!" केबिनमधून शिट्टी ओरडली. "डोळे गेले माझे! पाठीवर ट्यूबलाइट बांधल्यासारखा दिसतोय हा!"

"अप्पा," बाईंनी विचारलं, "तुम्हाला काय दिसतंय?"

अप्पा बघत राहिले. कोनाड्यातून दिसत होती ती चावीची पाठ, आणि तिच्यावर राखाडी, मेलेल्या पट्ट्या.

"ही पट्टी आरशासारखी नसते," बाई म्हणाल्या. "उजेड ज्या दिव्यातून येतो, त्याच दिव्याकडे ती परत पाठवते. म्हणून चमक दिसते ती दिव्यामागे बसलेल्याला. ड्रायव्हरला. बाजूला उभ्या असलेल्याला नाही. तुमचे डोळे दिपले म्हणालात ना? ते दिपणं शक्यच नव्हतं. तुम्ही अंदाजाने सांगितलंत, आणि तिथेच फसलात."

"घाईगडबडीत माणसाला काहीही वाटतं," अप्पा म्हणाले.

"वाटू शकतं. आता हे बघा."

बाईंनी चावीला दुसरं जाकीट घालायला दिलं, बिनपगारीचं.

"हे तर बाहेर कालपर्यंत सगळ्यात झगझगीत होतं," चावी म्हणाला.

"उन्हात. केशरी रंगाला ऊन मिळालं की तो पेटतो. बोगद्यात ऊन नाही, तिथे सगळी भिस्त पट्टीवर. आणि पट्टीवर असतात बारीक काचेचे मणी. डिझेलचा बोळा फिरवला की डांबर जातं, आणि त्याबरोबर मणीही जातात. उन्हात जाकीट नव्यासारखं दिसतं, अंधारात ते नसल्यातच जमा. दिवे लावा!"

झोत पडला. शिट्टी केबिनच्या काचेशी पुढे वाकली. मग शिट्टीचा गोंधळलेला आवाज आला, "चावी उठून गेला का?"

मेहुण्याच्या तोंडून हुंदका फुटला. "असंच, बाई! अस्सं दिसत होतं!"

"म्हणजे शिट्टीने जाकीट पाहिलं, ते खरं," बाई म्हणाल्या. "आणि याला माणूस दिसला नाही, हेही खरं. दोघंही खरं बोलत होते. आता राहिलं एकच. काडीच्या अंगातलं मेलेलं जाकीट काढून पाहुण्यांचं नवं कुणी चढवलं? हा बाहेर पळाला तेव्हा काडीजवळ एकच माणूस होता. आणि पाहुण्यांच्या जाकिटांचं गाठोडं तोवर स्टोअरला पोचलं नव्हतं. ते याच कोनाड्यात, पोत्यांमध्ये पडलं होतं. हो ना अप्पा?"

सगळ्यांच्या माना वळल्या. अप्पा छाती पुढे काढून उभे राहिले.

"बाई, सांभाळून बोला. हे जुनं जाकीट काडीचंच कशावरून? अशी पन्नास फाटकी जाकिटं इथे पडलीत."

"बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "ते मला सांगता यायचं नाही. ज्यांना सांगता येईल त्यांच्याकडे जाऊ. तुम्हीही चला."

६

काडीच्या बायकोने जाकीट हातात घेतलं. तिने त्याची पाठ पाहिली नाही, फाटलेलं पाहिलं नाही. ते उलटं करून तिने सरळ काखेखालची शिवण चाचपली. तिथे दोन्ही बाजूंना आतून बोटभर चुण्या घेतल्या होत्या, निळ्या दोऱ्याने, दुहेरी टाक्याने.

"हे मी आवळलंय," ती म्हणाली. "केशरी दोरा घरात नव्हता. म्हटलं आतून आहे, कोण बघतंय." तिने मान वर केली. "हे कुठे सापडलं?"

अप्पा खाटेच्या पायथ्याशी उभे होते. खांदे खाली आले होते.

"मी टॉर्च मारला त्याच्यावर," अप्पा म्हणाले. "पडल्यावर. पट्टी चमकली नाही. रोज सकाळी मी ते जाकीट पास करत होतो, पोरी. त्याने नवं मागितलं तेव्हा मी म्हणालो, अरे, रंग बघ कसा झगझगतोय, तुला नवं कशाला? नवी पाहुण्यांसाठी ठेवलीत. त्या क्षणी माझी सगळी हयात डोळ्यांपुढे आली. गाठोडं हाताशी होतं. बदललं. हे पोत्यात कोंबलं आणि दुसऱ्या दिवशी त्या लाकडाला घातलं. लाकडाच्या अंगातल्या जाकिटाकडे कोण बघतं?"

"मोडलेल्या कंबरेच्या माणसाला तुम्ही हलवलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, पण खोलीतल्या नर्सनेही मान वळवली. "ते अहवालात येईल. जाकिटांची तपासणी उन्हात होत होती, तेही येईल. नवी जाकिटं फोटोसाठी कुलपात होती, तेही. साहेबांना आवडो न आवडो."

अप्पांनी मान हलवली.

काडीची बायको त्यांच्याकडे बघत होती. तिचा राग आरडाओरड्याचा नव्हता.

"घाबरलात, जाकीट बदललंत. समजू शकते मी," ती म्हणाली. "पण माझा भाऊ फोन बघत होता, हे का सांगितलंत? रोज इथे येऊन, याच स्टुलावर बसून सांगितलंत. मी ऐकत गेले. तो पोर खाली बाकावर बसून राहिला आणि मी त्याला पाण्याचंसुद्धा विचारलं नाही."

अप्पा हळूहळू वळले आणि दाराबाहेर जाऊन उभे राहिले, बाईंची वाट बघत.

"पट्टीला डिझेलचा वास येतोय. यांनी घासलं म्हणूनच ती चमकली नाही ना?" तिने नवऱ्याकडे बघत विचारलं.

"हो," बाई म्हणाल्या. लपवण्यात अर्थ नव्हता. "हात, घमेली, फावडी सगळं डिझेलनेच धुतात तिथे. जाकिटाचं वेगळं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं."

"फार टापटीप आहे हो त्यांची." तिने नवऱ्याच्या कपाळावरची पट्टी नीट केली. मग जाकीट घडी घालून बाईंच्या हातात दिलं, पदराने तोंड पुसलं आणि जिन्याकडे निघाली.

बाई तिच्या मागोमाग अर्ध्या जिन्यापर्यंत उतरल्या आणि तिथेच थांबल्या. खाली बाकावरून भाऊ धडपडत उठला होता.

"ताई, ऐक. धडक मीच दिली. ते काही खोटं नाही."

"दिलीस."

"माझ्या हातून झालं."

"झालं. ते आपण घरात बघू, त्यांना बरं करून." तिने त्याच्या शर्टाची कॉलर सरळ केली, लहानपणी करत असावी तशी. "कधीपासून इथे बसलायस? जेवलास का?"

त्याने नुसती मान हलवली. नाही म्हणाला की हो, ते त्यालाही कळलं नसावं.

"आधी तोंड धू. दाढी बघ काय झालीय, तुझ्या दाजींनी डोळे उघडले तर पुन्हा मिटतील," ती म्हणाली, आणि त्याचं मनगट धरून त्याला वर घेऊन आली.